झोका मुलांचा कधी झाला?

पिशोर हे कन्नड तालुक्यातले बाजाराचे गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिण उताराला वसलेले. पूर्वेला अजिंठा, पश्चिमेला पितळखोरे आणि नैऋत्येला वेरूळ अशा तीन लेण्यांच्या मधोमध ते पडते. लेण्यांच्या वाटेवर नसल्याने पर्यटक तिथे वळत नाहीत. ह्या लेखाचा विषय मात्र त्याच गावाच्या आसमंतात सर्वांत चांगला उमगतो, कारण भारतीय कलेतला एक अत्यंत देखणा झोका तिथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरच्या आत, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या भिंतीवर आहे. त्या झोक्यावर मूल बसलेले नाही. बसली आहे ती एक उपवर तरुणी.

परसात लाकडी सांगाडा उभारून मुलांसाठी झोका टांगणे ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिला काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. झोका म्हणजे मुलांचा खेळ, असे आपण धरूनच चालतो. पण जुने वाङ्मय, चित्रे आणि सणवार ह्यांत झोका शोधू लागले की त्यावर बसलेली माणसे निराळीच निघतात. पुरोहित, राण्या, देव-देवी, आणि सर्वाधिक करून सासुरवाशिणी व उपवर मुली. मुले तिथे जवळपास नाहीतच. मग तो मुलांचा झाला कधी?

आरंभ वेदांपासून करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, पण इथे तिला इलाज नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाला जुन्या मैत्रीची आठवण करून देतो. दोघे एका नावेत बसून समुद्रात गेले होते आणि लाटांवर झोक्यासारखे झुलले होते. तिथे झोक्याला 'प्रेङ्ख' हा शब्द आहे. त्याच मंडलात आकाशातल्या सूर्याला सोन्याचा झोका म्हटले आहे. ही केवळ उपमा नव्हे. वर्षभर चालणाऱ्या 'गवामयन' नामक सत्राच्या अखेरीस महाव्रत नावाचा दिवस येई आणि त्या दिवशी होता चक्क झोक्यावर बसून शस्त्रपठण करी. ऐतरेय आरण्यकाने ह्या झोक्याच्या बांधणीची जी चर्चा केली आहे ती कुणाही सुताराने वाचावी अशी आहे. फळी एक असावी, की तीन, की दोन? प्रत्येक पर्यायासाठी कुणी ना कुणी आधार देतो. एक, कारण वाहणारा वारा एकच. तीन, कारण लोक तीन. अखेर निर्णय होतो तो दोन फळ्यांचा, कारण डोळ्यांना दिसणारे लोक दोनच आणि त्यांच्या मध्ये अवकाश. लाकूड औदुंबराचे. दोर दर्भाचे, आणि पीळ उजवा व डावा अशा दोन्ही अंगांचा.

कारणे यज्ञीय आहेत हे उघड आहे. तरीही व्यवहाराच्या अंगानेही हा निर्णय चुकलेला नाही, एवढे नमूद करावेसे वाटते. एकच रुंद फळी उन्हापावसात द्रोणासारखी वाकते, दोन अरुंद फळ्यांमध्ये फट ठेवली की तो धोका कमी होतो आणि पाणीही साचत नाही. उलट पिळाचे दोन दोर असले की झोका गिरकी घेण्याची ओढ कमी होते. आरण्यककारांनी हे मनात धरून लिहिले असे मला म्हणायचे नाही. कुण्या रथकाराचा अनुभव आधी होता आणि त्याला तत्त्वज्ञानाचे कारण मागाहून चिकटले, असे मात्र सहज घडू शकते.

यज्ञमंडपातला हा झोका आपल्याकडे लोपला. त्याच्या जातकुळीतला एक मात्र दूर देशी उभा आहे. बँकॉक शहरात १७८४ साली पहिल्या रामा राजाने सागवानी खांबांचा प्रचंड झोका उभारला. तिथले राजपुरोहित ब्राह्मण तो चालवीत आणि तरुण त्यावर उंच झोके घेत. हा विधी १९३५ साली बंद पडला. झोका आता नाही, पण त्याची चौकट आहे, आणि लाकूड जीर्ण झाले तेव्हा २००७ पर्यंत पुन्हा सागाचेच नवे खांब घालून ती बांधून काढण्यात आली.

संस्कृत नाटकांत आणि शास्त्रग्रंथांत येताना झोका यज्ञमंडपातून बागेत आला. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या घराचे वर्णन आहे, त्यात वृक्षवाटिकेत दाट सावलीत झोका असावा असे सांगितले आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त तर सारे कथानक एका झोक्याच्या अपघातावर फिरते. विदूषक गौतमाच्या धसमुसळेपणामुळे धारिणी राणी झोक्यावरून पडते आणि तिचा पाय दुखावतो. म्हणून अशोकाला लत्ताप्रहार करण्याचे काम विदर्भकन्या मालविकेकडे येते. त्याच अंकात दुसरी राणी इरावती राजाला आपल्यासोबत झोके घेण्याचे आमंत्रण देते. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त नायिकेला झोक्यावर पाहण्याचा प्रसंग आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या क्रीडांमध्ये आंदोलनक्रीडाही येते. मराठी वाचकांना हा ग्रंथ वेगळ्या कारणाने ठाऊक असतो. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे.

ह्या सगळ्यात एक अपवाद नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण-बलराम आणि गोपबालक रानात जे खेळ खेळतात, त्यांत बेडूकउड्यांच्या बरोबरीने झोक्याचाही उल्लेख आहे. म्हणजे मुले झोके घेत नव्हती असे नाही. घेणारच. ज्या देशात वड आहे तिथे मुलाला झोका शिकवावा लागत नाही. मराठी मुलांच्या जुन्या खेळाचे नावच सूरपारंब्या आहे. पण इथेच माझ्या मते खरा भेद आहे. मुले झोका *शोधत* आणि मोठी माणसे झोका *बांधत*. मुलांच्या वाट्याला आयती पारंबी, वाकलेली फांदी, फाटकाची कडी. माणूस बोलावून, लाकूड निवडून, दोर वळून जो झोका सिद्ध होई तो मुलांसाठी नसे.

बलुतेदारीतला सुतार लहान मुलांसाठी काय करी हे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. तान्ह्या बाळाला पाळणा. तो बारशाला लागतोच, त्यावाचून नामकरण नाही, आणि त्या पाळण्याने मराठीला 'पाळणा' नावाचा एक अख्खा काव्यप्रकार दिला. पाय फुटू लागले की पांगुळगाडा. पुढे भोवरा, विटी-दांडू. यादी इथे संपते. पाळण्यातून उतरलेल्या मुलाने पुन्हा कधी झुलावे अशी सोय त्यात नाही. शेतात राबणाऱ्या आईचे मूल तर पाळण्यातही नसे. बाभळीच्या नाहीतर निंबाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी, हाच त्याचा झोका. आणि तो खेळासाठी नव्हता. आईचे दोन्ही हात कामाला मोकळे राहावेत म्हणून होता.

आता अजिंठ्याकडे वळू. दुसऱ्या लेण्याच्या मंडपात विधुरपंडित जातकाची कथा रंगवलेली आहे. नागराज वरुणाच्या राणीला, विमलेला, विधुर पंडिताचे हृदय हवे असते. ते आणून देईल अशा नवऱ्याचा शोध घे, असे नागराजा आपल्या मुलीला, इरंदतीला सांगतो. पुण्णक यक्ष तिला पाहतो, मोहित होतो, कुरुराजाशी द्यूत खेळून विधुराला जिंकून आणतो. (नागराजाचे नाव वरुण, आणि वसिष्ठ झुलला तोही वरुणाबरोबर. ह्या योगायोगावरून कुणी फार मोठे इमले रचू नयेत.) पाली कथेत इरंदती हिमवंतातली फुले गोळा करून पर्वत सजवते, त्यांची शेज अंथरते, नाचते आणि गोड गाणे गाते. झोका पाली कथेत नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर मात्र ती झोक्यावर बसलेली आहे.

हा झोका आला कुठून? हे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक हरिषेणाच्या काळाच्या आसपासचे. उपवर मुलगी वराच्या नजरेस पडावी अशा रीतीने दाखवायची, तर ती झोक्यावर दाखवावी, असे त्या चित्रकाराला वाटले. त्याच्या प्रेक्षकांनाही ते न सांगता कळले असणार, नाहीतर कथेत नसलेली वस्तू घालून त्याने गोंधळ कशाला वाढवला असता? नाटकांच्या संकेतातून त्याने ती उचलली असेल, किंवा भोवतालच्या गावांतून. दोन्ही शक्य आहे आणि दोन्ही एकदम खरे असायलाही हरकत नाही. कलासमीक्षक बहुधा पहिला पर्याय मानतात, कारण ग्रंथ हाताशी असतात. गावे हाताशी नसतात.

इथे एक मोह होतो. इरंदती नागकन्या आहे आणि आज ह्याच मुलखात बायका झोके घेतात ते नागपंचमीला. दीड हजार वर्षांची अखंड परंपरा सिद्ध झाली, असे म्हणून टाळ्या घेता येतील. पण मधला एकही दुवा हाती नाही, आणि पंचमीच्या झोक्याचे कारण नागापेक्षा पंचांगात व शेतीच्या वेळापत्रकात अधिक सापडते. पंचमीला नांगर धरायचा नाही, खणायचे नाही, चिरायचे-कापायचे नाही, तवा चढवायचा नाही. म्हणजे शेतातले आणि चुलीवरचे, दोन्हीकडचे काम ज्या दिवशी शास्त्रानेच थांबवले आहे असा वर्षातला हा दुर्मीळ दिवस. लेकी माहेरी आलेल्या असतात. शेतात पीक वर आलेले असते. अशा दिवशी बाईने काय करावे? तिने खेळावे, असे परंपरा म्हणते. फेर, फुगड्या, झिम्मा आणि झोका. (खणायचे नाही ह्या नियमामुळे त्या दिवशी खांब पुरून सांगाडा उभारण्याचा प्रश्नच येत नाही. झाडच हवे.)

आणि डोंगर उतरून पलीकडे गेले की हाच झोका दुसऱ्या तिथीला टांगलेला दिसतो. कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश. खानदेशात झोक्यांचा सण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. बहिणाबाई चौधरींची 'आखजी' ही कविता बहुतेकांना माहीत असते. तिथेही माहेरी आलेल्या लेकी, तिथेही निंब आणि तिथेही गाणी. महिना मात्र वैशाख. रब्बी उरकलेली, पेरणीला अवकाश, शिवार रिकामे. सण वेगळा आहे, पण कामाच्या चक्रातली फट तीच आहे. शिवाय घरोघरीच्या चैत्रगौरीलाही चैत्र शुद्ध तृतीयेपासून झोपाळ्यात बसवतात, आणि ती उठते अक्षय्य तृतीयेलाच. देवी महिनाभर झुलते, आणि ती उतरते त्या तिथीला खानदेशातल्या लेकी झोक्यावर चढतात. पिशोरसारखी गावे ह्या दोन प्रथांच्या सीमेवर, पंचमीच्या बाजूला, पण आखाजीच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

म्हणजे झोका हे सुटीचे यंत्र होते, आणि सुटी ज्यांना एरवी मिळत नसे त्यांच्यासाठी होते. प्राचीन अथेन्समध्येही 'आयोरा' नावाच्या सणाला मुली झोके घेत. त्यामागची कथा एरिगोनी नावाच्या मुलीने झाडाला गळफास घेतल्याची आहे. फासाचाच दोर झोक्याला लावून त्यातले भय उतरवण्याचा तो उपाय होता. आपल्याकडच्या झोक्याच्या गाण्यांत सासर-माहेरचे जे दुःख इतक्या मोकळेपणी येते त्याकडे ह्या अंगाने पाहण्यासारखे आहे. उंच गेल्यावर माहेरची वाट दिसते, ही त्या गाण्यांतली नेहमीची कल्पना. ती केवळ कविकल्पना नाही. चावडीच्या, देवळाच्या, पाराच्या वरून गाव पाहण्याची संधी बाईला दुसरी कुठली होती?

उंचीचा मुद्दा गणिताचाही आहे. झोक्याचा वेग माणसाच्या वजनावर नसून दोराच्या लांबीवर ठरतो. निंबाच्या फांदीवरून चार मीटर दोर सोडला तर एक पुरे हेलकावे घ्यायला सुमारे चार सेकंद लागतात. परसातल्या सांगाड्यावरच्या दोन मीटर दोराला तीनहूनही कमी. गाण्याची एक ओळ चार सेकंदांत सावकाश मावते, पावणेतीनमध्ये ती घाईची होते. शिवाय उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत झोका चढवला तर खाली येताना दोरावर बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट ओढ येते, नव्वद अंशांना तिप्पट. समोरासमोर उभ्या राहून दोघींनी झोका चढवायचा म्हटले की शंभर किलोचे ओझे खालच्या टोकाशी दोनशेवर जाते. म्हणून दोर लागे तो जनावरे बांधण्याच्या दाव्याचा नव्हे. शेतकऱ्याच्या घरात एवढी ओढ सोसणारी वस्तू म्हणजे मोटेचा नाडा. मोटा गेल्या तसा तो नाडाही गेला.

मुलांसाठी मुद्दाम बांधलेला झोका हा ह्या सगळ्यापुढे फार अलीकडचा. त्याचा उगम कारखानदारीच्या शहरांत आहे. १८८० च्या दशकात बोस्टनमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले गेले, १९०६ साली अमेरिकेत क्रीडांगणांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि झोका, घसरगुंडी, सी-सॉ हे त्रिकूट रूढ झाले. मूल रस्त्यावर नको, कुंपणाच्या आत हवे, ही त्यामागची भूमिका. आपल्याकडे तो बालशिक्षणाच्या चळवळीचा आणि नगरपालिकांच्या बागांचा काळ. गिजुभाई बधेकांचे भावनगरचे बालमंदिर १९२० चे. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालशिक्षणाची साधने विकत न आणता गावातल्याच वस्तूंतून करावीत, हा ताराबाईंचा आग्रह. मुंबईचे कमला नेहरू उद्यान १९५२ चे. मूल ही स्वतंत्र सोय करण्याजोगी व्यक्ती आहे, हा विचार ह्या तीन-चार दशकांत रुजला. तो मोलाचा होता, ह्याविषयी दुमत नसावे. पण त्याच सुमारास बाई झोक्यावरून उतरली, हे मात्र कुणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

१९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांच्या परसात हा झोका पूर्णपणे कौटुंबिक झाला. पाइन किंवा सीडरचे तिरपे पाय, वर तुळई, दोन झोके, एक घसरगुंडी. वाळवी-बुरशी लागू नये म्हणून पाइनला तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक ह्यांचे मिश्रण पाजलेले असे. मुलांच्या हाताला आर्सेनिक लागते हे लक्षात आल्यावर २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी ते मिश्रण देणे उत्पादकांनी थांबवले. आपल्याकडच्या जुन्या सुताराने निंब किंवा साग घेतला असता आणि हा प्रश्न आलाच नसता, असे म्हणण्याचा मोह होतो खरा. पण सागाचा आजचा भाव पाहता ते बोलणे स्वस्तच म्हणायचे.

असा सांगाडा कन्नड तालुक्यातल्या एखाद्या घरामागे उभारायचा तर अडचण लाकडाची तितकी नाही, जितकी जागेची आहे. झोक्याची ओढ खांबाला आळीपाळीने पुढे-मागे हलवते. म्हणून नुसते सरळ खांब पुरले तर काळ्या जमिनीत खड्डा रुंदावत जातो, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की खांब डुलू लागतात. पाय तिरपे, जोडीजोडीने, वर एकमेकांत कातरलेले हवेत. तुळई अखंड हवी, सांध्याची नको. कडीचा खिळा तुळईच्या आरपार जाऊन वर चकतीने आवळलेला हवा, नुसता ठोकलेला नव्हे. सार्वजनिक क्रीडांगणांसाठीच्या अमेरिकी सूचना सांगतात की झोका टांगला असेल त्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मोकळी असावी. अडीच मीटरच्या तुळईला पुढे पाच, मागे पाच. मुलांपुरता झोका मावेल एवढे परस गावात अजून बऱ्याच घरांना आहे. पंचमीचा झोका चार मीटर दोराचा. त्याला ह्याच हिशेबाने वीस मीटरच्या आसपास मोकळी जागा लागेल. ती परसात असण्याचे कारणच नाही. ती पाराजवळ होती, वेशीबाहेर होती, निंबाखाली होती, आणि साऱ्या गावाची होती.

तुळई चार बोटे अधिक जाड घेतली आणि फळी दोन माणसे बसतील इतकी लांब ठेवली, तर खर्चात फार फरक पडत नाही. फळ्या दोन घ्याव्यात, मध्ये फट ठेवून.